गढीच्या तळाशी राहणारी माणसं दाखवायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाचनालयाच्या वीसेक सभासदांना घेऊन हिवाळ्यात नाशिक शहरात सकाळची एक पायी फेरी काढायची आहे. वाडे, मंदिरं, पेशवाई नको, त्याच्याही मागचं, थेट प्रागैतिहासिक नाशिक दाखवायचं आहे. "पण जागेवर दिसण्यासारखं काही आहे का, की आम्ही नुसतं रस्त्यावर उभं राहून ऐकायचं?"

दिसण्यासारखं फार थोडं आहे. मी सोळा वर्षं अशा फेऱ्या काढतोय आणि अजूनही प्रत्येक वेळी निघताना पोटात गोळा येतो, तो याच कारणानं. किल्ला दाखवताना बुरूज बोलतो, लेण्यात मूर्ती बोलते. इथे बोलणारं कोणी नाही. माती, उतार, नदी आणि खिशातली दोन खापरं एवढ्यावर अडीच तास काढायचे असतात.

माझी पहिली फेरी सपशेल पडली होती. तीस माणसं गोळा केली, उन्हात उभी केली आणि पाऊण तास पुराश्मयुग, मध्याश्मयुग, ताम्रपाषाणयुग असं सगळं रांगेनं म्हणून दाखवलं. शेवटी एका काकूंनी छत्री मिटत विचारलं, "अहो, पण ते दिसतंय कुठे?" त्या प्रश्नावर मी फेरी नव्यानं बांधली. आता मी युगांची नावं पहिल्या तासाभरात घेतच नाही. आधी लोकांना उंची बघायला लावतो.

सुरुवात गंगेवर करा. (बाहेरच्यांसाठी सांगतो, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे घाटावर जाऊन येतो.) दुतोंड्या मारुतीपाशी सकाळी साडेसहाला जमा. हा मारुती म्हणजे आमचं पूरमापक. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, या भाषेत नाशिकमध्ये पूर मोजतात. गटात एखादे साठी-सत्तरीचे गृहस्थ असतील तर त्यांना बोलतं करा. 1969 चा पूर पाहिलेला माणूस भेटला तर तुमचं निम्मं काम झालं. बाकीच्यांना 2016 आणि 2019 चे पूर आठवतातच, दुकानांत कुठवर पाणी शिरलं होतं ते हातानं दाखवतात. मग विचारा: "चाक आहे, बैल आहे, पोरंबाळं आहेत, धान्य साठवायचंय आणि नदी अशी आहे. घर कुठे बांधाल?" माणसं आपोआप मान वर करून टेकांकडे बघतात. त्यांना उत्तर सापडलेलं असतं, तुम्ही फक्त हो म्हणायचं.

जुनं नाशिक टेकांवरच वसलेलं आहे. नऊ टेकड्या, नऊ शिखरं, म्हणून नवशिखा आणि त्यावरून नाशिक, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट तर सगळ्यांना माहीतच असते. व्युत्पत्ती खरी की खोटी या वादात फेरीवर पडू नका, पण टेक मात्र खरे आहेत. म्हसरूळ टेक, चित्रघंटा, डिंगरआळी या भागातून चालताना गुडघे ते सांगतात. मी गटाला मुद्दाम चढउताराच्या गल्ल्यांतून नेतो आणि बोलत नाही. डांबराखाली काय आहे हे दिसत नसलं तरी चढ लपत नाही.

आता मुख्य जागा. जुनी गढी, मातीची गढी, आणि आज सगळे जिला काझीची गढी म्हणतात ती. 1950-51 च्या हंगामात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. त्याच हंगामात त्यांनी संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावीही खोदलं. दोन्ही ठिकाणांचा अहवाल 1955 साली एकत्र निघाला. तेव्हा जोर्वे हे नाव पुढे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या एका अख्ख्या संस्कृतीला चिकटणार आहे, आणि धुळ्यापासून पुण्यापर्यंतच्या नदीकाठच्या वस्त्या त्याच नावानं ओळखल्या जाणार आहेत, हे जोर्व्यातल्या कोणाच्या स्वप्नातही नसेल.

गढीवर चढू नका. ही विनंती नाही, अट समजा. तिथे माणसं राहतात, दर पावसाळ्यात कडा ढासळतात, घरं खाली यायची भीती असते, आणि दरवर्षी जून आला की स्थलांतराच्या नोटिसांची बातमी येते. ज्यांच्या डोक्यावर ही टांगती तलवार आहे त्यांच्या अंगणात वीस माणसं कॅमेरे घेऊन उभी करायची नसतात. गढी समोरच्या काठावरून बघा. तिथून ती जास्त चांगली दिसतेही, कारण नदीनं जिथे कड कापली आहे तिथे मातीचे पट्टे उघडे पडलेत.

इथे थांबा आणि पाच मिनिटं नुसतं बघू द्या. लहानसा दुर्बीणजोड असेल तर फिरवा. लोकांना आधी फक्त "माती" दिसते. मग कोणीतरी म्हणतं, खाली पिवळसर-तपकिरी आहे आणि वर राखाडी आहे. मग दुसऱ्याला मधेच एक काळपट रेघ दिसते. तिसऱ्याला विटांचे तुकडे दिसतात. मी त्यांना वाड्याच्या जुन्या भिंतीची आठवण करून देतो. दर दिवाळीला रंग देत गेलेली भिंत असते, तिचा पोपडा पडला की आत निळा, त्याच्या आत गुलाबी, त्याच्या आत चुना दिसतो. सगळ्यात आतला रंग सगळ्यात आधीचा. एवढं कळलं की थर वाचता येतो. राख, कोळसा, खापरं, हाडं आणि सारवलेली जमीन ज्यात आहे तो माणसाचा थर. ज्यात यातलं काहीच नाही तो नदीचा.

एक चूक इथे बहुतेक सगळे गाइड करतात: "ही अख्खी टेकडी माणसांच्या वस्तीतून उभी राहिली आहे." तसं नाही. तळाशी नदीनंच आणून टाकलेला गाळ आहे, वस्तीचे थर त्याच्यावर बसलेत. पहिल्या माणसांनी आधीच उंच असलेली जागा निवडली आणि मग पिढ्यानपिढ्या ती आणखी उंच केली. घाटावर आपण जो प्रश्न विचारला होता त्याचं हे त्यांचं उत्तर.

आपल्याकडे यासाठी एक सुंदर शब्द आहे, तो फेरीत जरूर वापरा: पांढर. गावाच्या जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची माती, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींची माती साठून जी फिकट, भुसभुशीत जमीन होते ती. खेड्यात कोणालाही विचारा, "तुमची जुनी पांढर कुठे?" तो बोट दाखवेल, आणि दहापैकी काही ठिकाणी तरी तिथे खापरं असतील. पुरातत्त्वाचे विद्यार्थी सर्वेक्षणाला गेले की हाच प्रश्न विचारतात. दुर्दैवानं ही माती खत म्हणून उत्तम असते, म्हणून बैलगाड्या भरभरून आणि पुढे ट्रॅक्टर भरभरून ती शेतात गेली. महाराष्ट्रातल्या कितीतरी वस्त्या अशा पिकांच्या मुळाशी गेल्या.

आता गढीच्या तळाशी कोण होतं ते. सगळ्यात खालच्या वस्तीच्या थरात सांकलिया आणि देवांना ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे याच जोर्वे पद्धतीची, खापरं आणि गारगोटीची बारीक पाती मिळाली. तांबं माहीत आहे पण दुर्मिळ, म्हणून रोजचं कापणं-सोलणं दगडाच्या पात्यांनीच, असा तो काळ. वरच्या थरांच्या मानानं हा थर किरकोळ आहे. त्यानंतर गाव ओस पडलेलं दिसतं, आणि बऱ्याच काळानं जी वस्ती येते ती लोखंड वापरणारी, उत्तरेकडची चकचकीत काळी खापरं बाळगणारी, पुढे सातवाहनांकडे जाणारी. म्हणून "नाशिक साडेतीन हजार वर्षं अखंड वसलेलं आहे" असं छापील पत्रकावर लिहू नका. टाळ्या पडतात, पण मधला खंड गिळला जातो. आणि मला तर तो खंडच जास्त मोलाचा वाटतो. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या जोर्वे वस्त्या इसवी सनपूर्व 1000 च्या सुमारास एकामागून एक ओस पडल्या. पाऊसमान घटलं, शेती झेपेना, असं त्याचं कारण अभ्यासक मांडतात. दुष्काळात गाव सोडणं म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजवावं लागत नाही.

तारखांबद्दल माझी एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी ठोकून द्यायचो की गढीचा काळ उत्खननाच्या वेळी कार्बन पद्धतीनं ठरवला. एका फेरीत मागे शांतपणे चालणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापिका बाईंनी शेवटी बाजूला घेऊन विचारलं, "कार्बनची पद्धत 1949 ची. 50 साली ती नाशकात कशी पोचली?" मी गप्प. खरी गोष्ट अशी की तेव्हा खापरांच्या साम्यावरून आणि थरांच्या क्रमावरून काळ मांडला जायचा. जोर्वे संस्कृतीच्या पक्क्या तारखा नंतर नेवासे, इनामगाव अशा उत्खननांतल्या कोळशावरून आल्या. आज आपण ढोबळमानानं इसवी सनपूर्व 1400 ते 700 म्हणतो, त्यातला शेवटचा भाग मुख्यतः इनामगावकडचा. गाइडनं तारीख सांगताना ती कशी ठरली हे अर्ध्या वाक्यात सांगितलं, की ऐकणाऱ्याचा विश्वासही बसतो आणि आपली जीभही जपून चालते.

काळ डोळ्यांना दाखवायला सुतळी वापरा. मी पस्तीस मीटर सुतळी नेतो. एक मीटर म्हणजे शंभर वर्षं. एक टोक आजच्या दिवसाचं, ते गटातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातात. साडेतीन मीटरवर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, 1674. तिथे एकाला उभं करायचं. एकोणीस मीटरवर गौतमीपुत्र सातकर्णी आणि पांडवलेण्यांतले ते प्रसिद्ध लेख. चौतीस मीटरवर जोर्वेवाले. तोवर सुतळी घाटाच्या दुसऱ्या टोकाला पोचते आणि धरणारा ओरडून बोलायला लागतो. मग मी म्हणतो, आता हातकुऱ्हाड वापरणारा माणूस उभा करायचाय. त्याचे दिवस नुसते तीन लाख वर्षांपूर्वीचे धरले तरी त्याला तीन किलोमीटरवर जावं लागेल. लोक हसतात, आणि मग एकदम गप्प होतात. फेरीतली माझी सगळ्यात आवडती शांतता ती.

तिथून कुंभारवाड्यात जा. गढीच्या शेजारीच आहे. आधी जाऊन परवानगी घ्या, आणि जाताना चार पणत्या, एखादं मडकं विकत घ्या. फुकटात तमाशा बघायला आलेली माणसं कोणालाच नको असतात. कुंभार चाकावर माती चढवत असताना तुमच्या पिशवीतलं चित्र काढा (मूळ खापर बाळगू नका, मोठे छापील फोटो पुरतात). जोर्वे खापर एकदा नीट बघितलं की विसरत नाही. चाकावर केलेलं, पातळ, विटकरी ते शेंदरी लेपाचं, त्यावर काळ्या रंगात समांतर रेघा, जाळीचे चौकोन, तिरप्या रेघांचे त्रिकोण. उत्तम भाजलेलं असल्यामुळे टिचकी मारली की धातूच्या भांड्यासारखं खणकतं. आकार दोन लक्षात ठेवा. एक वाडगा, ज्याचं पोट मधेच मोडून कड तयार झालेली असते. दुसरं लांब तोटीचं भांडं. तोटी बघून प्रत्येक फेरीत कोणीतरी "झारी!" म्हणतंच. म्हणू द्या.

मग कुंभाराला विचारा की अशी तोटी लावायला काय लागतं. तो सांगतो की अंग आणि तोटी सारखी सुकली नाही तर जोड चिरतो. हातानं दाखवतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कोणाला तरी हीच अडचण आली असणार, हे तुम्ही बोलून दाखवू नका, लोकांच्या चेहऱ्यावर ते आलेलं असतं. पण "हे कुंभार त्याच लोकांचे वंशज आहेत" असलं काही बोलू नका. त्याला कसलाही आधार नाही. तसंच जिल्ह्यातल्या भिल्ल, महादेव कोळी, कोकणा बांधवांकडे बोट दाखवून "आदिमानव असाच राहायचा" म्हणणारे गाइड मी ऐकलेत. तसं ऐकलं की मला लाज वाटते. ती आजची माणसं आहेत, आपल्याइतकीच आजची.

गढीवर उत्खनन छोट्या जागेत झालं, त्यामुळे घरं, अंगणं, माणसांचं जगणं यासाठी मला इनामगावची मदत घ्यावी लागते, आणि तसं मी गटाला उघड सांगतो: "आता आपण नाशकातून पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीवर जातोय." इनामगावला 1968 पासून 1983 पर्यंत डेक्कन कॉलेजनं खोदलं, त्यात सांकलियांबरोबर म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी होते. शंभराहून अधिक घरं उघडी केली. कुडाच्या भिंतींची चौकोनी घरं, आत चूल, अंगणात धान्याच्या कणग्या ठेवायच्या जागा. पीक जव, जोडीला गहू, मसूर, लाख, कुळीथ. बोरं गोळा करून खायचे. नदीचं पाणी वळवायला पाट आणि बांध. आणि शेवटच्या काळात, पाऊस आटल्यावर, त्याच गावात मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या. संपत्ती उतरणीला लागली की घराचा आकार कसा बदलतो हे यापेक्षा स्पष्ट मी कुठे पाहिलं नाही.

दफनांचा विषय निघतोच, काढाच, पण जपून. लहान मूल गेलं तर ते दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेल्या, घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्यांना खड्ड्यात उताणं निजवून पुरत, आणि घोट्याखाली पावलं तोडलेली असत. का? "भूत होऊन परत येऊ नये म्हणून" हे उत्तर सगळे देतात आणि ते शक्यही आहे, पण तो अंदाज आहे हे म्हणा. शाळेच्या मुलांना मी पावलांची गोष्ट सांगतो, ती त्यांना फार आवडते. बाळाच्या मडक्यांची मोठ्यांना सांगतो. एकदा एक तरुण आई तिथून उठून बाजूला जाऊन उभी राहिली. तेव्हापासून मी गोष्ट सुरू करायच्या आधी विषय सांगतो आणि क्षणभर थांबतो. नेवाशाला असंच एक मूल सापडलं, गळ्यात तांब्याचे मणी, आणि मण्यांच्या आत गंजानं टिकवलेले धाग्याचे अवशेष. तांबं इतकं दुर्मिळ असताना ते मुलाच्या गळ्यात ठेवून पुरलं. यावर मी काही भाष्य करत नाही.

आणखी एक वस्तू: इनामगावच्या एका घरात जमिनीखाली झाकणाची मातीची डबी पुरलेली होती. डबीच्या आत डोकं नसलेली एक स्त्रीमूर्ती, वर आणखी एक मूर्ती आणि एक बैल. डोकं नसलेल्या मूर्तीला भोक आहे, बैलाच्या पाठीलाही आहे, काडी घातली की ती बैलावर बसते. मुलांना मातीची अशी जोडी करायला द्या, झाडूची काडी पुरते. घरी जाऊन तीच गोष्ट ती आईला सांगतात.

आता सगळ्यात नाजूक भाग. पंचवटी समोर आहे, गट श्रद्धाळू आहे, आणि कोणीतरी विचारणारच: "मग रामाच्या वेळी इथे हेच लोक होते का?" मी दोन्हीची खतावणी वेगळी ठेवतो. खापराच्या थराला रामायणाचं नाव लावायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि घाटावर बुडी मारणाऱ्याला थराचा पुरावा मागायचं मला कारण नाही. एवढंच बोलतो, आवाज न चढवता. दोन्ही बाजूंनी ताणणारे लोक भेटतात. "बघा, म्हणजे सगळं खोटं!" म्हणणाऱ्या तरुणालाही मी तितकंच थोपवतो. तिथे वाद रंगला की फेरी संपली म्हणून समजा.

तुमच्याकडे गाडीची सोय असेल तर दुसरा टप्पा करा, नसेल तर इथेच थांबा, ओढाताण नको. दुसरा टप्पा म्हणजे गंगापूर रस्त्यानं सोमेश्वरकडे. गढीच्या लोकांपेक्षा कितीतरी लाख वर्षं आधीची माणसं या बाजूला वावरली. गंगापूरजवळ गंगावाडीला नदीकाठच्या गोट्यांच्या घट्ट बसलेल्या थरातून सांकलियांनी हातकुऱ्हाडी आणि क्लीव्हर (रुंद, सरळ धारेची दगडी हत्यारं) गोळा केले, त्यावरचा अहवाल 1952 चा. हातकुऱ्हाड म्हणजे दांडा नसलेली, मुठीत धरायची, बदामाच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी टवके काढलेली. त्याआधी महाराष्ट्राच्या दगडात हत्यारं नाहीतच असं बऱ्याच जणांना वाटायचं, कारण आपला काळा पत्थर, म्हणजे बसाल्ट, घडवायला अडेल आणि झिजायला पटाईत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला मद्रासजवळ पल्लावरमला 1863 मध्येच हातकुऱ्हाड मिळाली होती, पण तिकडे गारदगड होता, जो धार धरून ठेवतो. इथल्या बसाल्टच्या हत्यारावर लाखो वर्षांचा गंज चढून त्याचे टवके पुसट होतात. म्हणून ते पटकन ओळखू येत नाही.

सोमेश्वरच्या धबधब्याजवळ पात्रात गोटे भरपूर. हिवाळ्यात पाणी कमी असतं तेव्हाच जा आणि ओल्या खडकावर कोणाला सोडू नका. गटाला काम द्या: दहा मिनिटांत प्रत्येकानं "माणसानं घडवलेला" वाटणारा एक दगड आणायचा. वीस दगड येतात, वीसही नदीनं घडवलेले असतात. मग फरक दाखवा. नदी सगळ्या बाजूंनी गोल करते. एकाच बाजूनं, एकाच दिशेनं, ओळीनं टवके निघाले असतील तर शंका घ्यावी. दगड फोडून दाखवायचा असेल तर चष्मा लावा, पायांवर जाड कापड घ्या आणि मुलांना चार पावलं लांब ठेवा. मी एकदा चष्म्याशिवाय दाखवायला गेलो आणि कपच्या भुवईला लागल्या. दोन टाके पडले. भुवईच्या जागी डोळा असता तर ही हौस तेव्हाच संपली असती. आणि फोडलेल्या कपच्या पिशवीत भरून परत आणा, तिथे टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी त्या "शोधून काढेल".

वस्तू उचलण्याबद्दल निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगा. एका फेरीत सातवीतल्या एका मुलानं नदीकाठच्या कडेतून खापर उपसून काढलं आणि अभिमानानं माझ्या हातावर ठेवलं. बिचाऱ्याचा काय दोष, मीच तासभर खापरांचं कौतुक केलं होतं. पण कडेतून निघालेलं खापर म्हणजे पुस्तकातून फाडलेलं पान. ते कुठल्या थरातलं हे कळलं नाही की त्याचं बोलणं संपतं. शिवाय 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरू शकते, तिचा व्यापार-व्यवहार मोकळा नाही. दिसलं तर जागेवरच फोटो काढा, शेजारी पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. महत्त्वाचं वाटलं तर पुरातत्त्व विभागाला कळवा. प्रवरेकाठच्या दायमाबादची ती चार जड ब्राँझची शिल्पं, रथ, हत्ती, गेंडा, रेडा, मिळून साठ किलोंच्या वर वजनाची, 1974 साली एका शेतकऱ्याच्या हाती लागली आणि आज त्यांच्याबद्दलचा सगळ्यात मोठा वाद हाच आहे की ती नक्की कुठल्या थरातली.

बाकी किरकोळ. वीस माणसं जास्त होतात, पंधरावर थांबवा, नाहीतर गल्लीत मागच्यांना ऐकू येत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. बुधवार टाळा, गंगेवर बाजार असतो आणि सुतळी पसरायला जागा मिळत नाही. लाउडस्पीकर नको, वस्तीत सकाळी लोक झोपलेले असतात. संग्रहालय त्याच दिवशी कोंबू नका. खापरं, दगडी पाती, दफनं नीट बघायची तर वेगळा दिवस काढून पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा. फेरी आधी झालेली असेल तर तिथल्या काचेच्या कपाटांपुढे माणसं रेंगाळतात. उलट क्रमानं गेलो तेव्हा पंधरा मिनिटांत सगळे बाहेर चहाला होते.

शेवटी मिसळ होणारच, नाशिक आहे. तिथे बसल्यावर एक खेळ खेळा: जोर्वेवाल्यांना ही मिसळ करता आली असती का? मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, सगळे अमेरिकेकडून समुद्रावरून आलेले, म्हणजे गेल्या पाचशे वर्षांतले. तर्री गेली, पाव गेला. ताटात कुळीथ, मसूर आणि जवाची भाकरी उरते. मागच्या खेपेला एका आजोबांनी विचार करून सांगितलं, "कुळथाचं पिठलं झालं असतं की हो." मिरचीशिवाय कसं लागेल यावर पुढची वीस मिनिटं टेबलावर भांडण चाललं होतं.